केरबा सरपंचानं वाडी वसवली

घाटाच्या पायथ्याला नांदखोल नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावाला केरबा खुटवड नावाचा एक भोळा सरपंच होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोसमोर वापरायचा. तिच्या माघारी गावात दुसरा शब्द चालायचा.

अशा माणसाला सरपंच केला कुणी, असं विचाराल, तर गावानंच केला. गावात दोन पार्ट्या होत्या. एकीला वाटलं, केरबा आपलं ऐकेल. दुसरीलाही तसंच वाटलं. दोघींचं खरं होतं, कारण केरबा सगळ्यांचंच ऐकायचा. ऐकून सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण तो ऐकलेलं जसंच्या तसं करायचा, आणि त्यावर बोलणी खाल्ली की ती बोलणी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचा.

लहानपणी आईनं त्याला म्हशीमागं पाठवलं आणि बजावलं, की काही झालं तरी कासरा सोडायचा नाही. म्हैस डोहात उतरली. केरबाही उतरला. म्हैस दिवस मावळेपर्यंत डुंबली आणि केरबा तिच्या मागं गळ्याएवढ्या पाण्यात कासरा धरून उभा राहिला. आई संतापली. पाणी आलं की हातातलं सोडून द्यायचं, एवढी अक्कल नाही का, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी केरबा धाकट्या भावाचा हात धरून ओढा ओलांडत होता. मध्यावर पाणी आलं. केरबानं हातातलं सोडून दिलं. भाऊ खालच्या बंधाऱ्याला अडकला म्हणून वाचला. तो पुढं मोठा होऊन पुण्याला गेला आणि नांदखोलात कधी राहायला आला नाही.

मोठेपणी केरबात एकच फरक पडला. ऐकलेलं विसरू नये म्हणून तो उपरण्याला गाठ मारायला लागला.

तर गावाच्या वरच्या अंगाला, काळ्या कड्याच्या अगदी पोटाखाली, सात-आठ घरांची एक वाडी होती. तिला कडेवाडी म्हणत. कड्याला भेग पडली होती. आधी तिच्यात काडी जायची, मग काठी जायला लागली, मग एक दिवस शेळीचा पाय गेला. मागल्या पावसात वरून एक धोंडा सुटला आणि यसूआत्याच्या गोठ्यात येऊन बसला. यसूआत्या म्हणजे वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, एकटी, आणि जिभेला हाड नसलेली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या दारात येऊन बसली.

"केरबा," ती म्हणाली, "धोंडा गोठ्यात आला. म्होरला माज्या वाकळंवर यील. म्या निजायचं कुठं, तेवढं सांग."

केरबाला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, त्याचं मन चांगलं होतं. सगळा घोटाळा मनाच्या वरच्या मजल्यावर होता. यसूआत्याला पाऊस लागायच्या आत सुखाची झोप मिळवून द्यायची, असा त्यानं शब्द दिला. मग त्यानं तालुक्याच्या साहेबांना बोलावलं.

नियोजनाचे हे साहेब म्हणजे साठ्ये साहेब. कुठं वस्ती असावी आणि कुठं नसावी हे ठरवायचं त्यांचं काम होतं. ते जीपमधून उतरत नसत, कारण नांदखोलात चिखल असायचा. चिखल नसला की धूळ असायची. साहेब जीपची काच खाली करत, मांडीवरच्या नकाशावर बोट ठेवत, दोन वाक्यं बोलत आणि काच वर करत. असं का आणि तसं का, हे सांगायला त्यांना वेळ नसे. विचारायची गरज केरबाला कधी पडली नव्हती. दोघांचं चांगलं जमायचं.

"वाडी तिथून हलवा," साहेब म्हणाले. "नवी घरं पूररेषेच्या बाहेर पाहिजेत. रेषेच्या आत मला एकही घर दिसता कामा नये."

काच वर गेली. केरबानं गाठ मारली.

पूररेषा म्हणजे काय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढतं, तिथवर नदीच्या काठाकाठानं तांबडा रंग दिलेले दगड लावले होते. दगडांच्या अलीकडं पाणी येणार, पलीकडं येणार नाही.

केरबानं नदीकाठची गवताळ सपाटी पसंत केली. जागा मऊ होती, सपाट होती, खणायला सोपी. सरकारकडून पत्र्याच्या शेडी आल्या. माणसं लावून त्यानं त्या ओळीनं उभ्या केल्या आणि लांब जाऊन बघितलं. सगळ्या शेडी तांबड्या दगडांच्या आत, नदीच्या बाजूला होत्या.

केरबा खाली बसला. त्याची बायको हौसा भाकरी घेऊन आली होती, तिनं शेडी मागं सरकवायला सांगितल्या. केरबानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. शेड सरकवायला चार माणसं लागतात, दगड एकटा माणूस उचलतो. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळे दगड उचलून शेडींच्या पुढं, पार पाण्याला टेकवून लावले. एकाला तर जागाच उरली नाही, तो त्यानं पाण्यात उभा केला. आता एकही घर रेषेच्या आत नव्हतं.

यसूआत्या आपली वाकळ काखेत मारून तिथंच उभी होती. तिनं विचारलं, की बाबा, हे नदीला सांगितलंस का?

"नदीला सांगायचं साहेब काय बोलले न्हाईत," केरबा म्हणाला.

वाडी शेडींत राहायला आली, आणि आषाढात नदीला पूर आला. नदी तिच्या जुन्या सवयीनं जिथवर चढायची तिथवर चढली. कडेवाडीच्या माणसांनी पीठ, भांडी, पोरं, पत्रे जे हाताला लागेल ते डोक्यावर घेतलं आणि वर पळाली. माणूस एकही गेला नाही, पण यसूआत्याची वाकळ गेली. केरबा मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि बुडालेला दगड काठीनं चाचपून दाखवत होता. इथवरच यायचं ठरलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. कुणाला सांगत होता, ते देवाला माहीत.

पाणी ओसरल्यावर जीप आली. काच खाली झाली. साहेबांनी केरबाची चांगलीच हजेरी घेतली. दगड हलवून नदी हलते का, असं विचारलं. केरबानं प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही हलली.

"मग माणसं उंचावर न्या," साहेब म्हणाले. "ध्यानात ठेवा, सरपंच. जितकं उंच, तितकं चांगलं."

केरबानं दुसरी गाठ मारली.

नांदखोलात सगळ्यांत उंच जागा म्हणजे गावामागचा माळ. त्या माळावर खडीचा क्रशर होता. रोज सकाळी सुरुंग उडायचे, दिवसभर दगड भरडले जायचे, आणि मागणी असली की रात्रीही. माळाच्या आधी वाटेत तीन चांगल्या जागा होत्या. तिथं नदी पोचत नव्हती आणि आवाजही. पण त्या मध्यम उंच होत्या. केरबानं त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही. त्यानं शेडी थेट माळाच्या माथ्यावर, क्रशरला खेटून नेल्या, कारण त्याहून उंच फक्त क्रशरचा खडी वर नेणारा पट्टा होता आणि त्याच्यावर शेड बसत नव्हती.

कडेवाडीची माणसं तिथं राहायला लागली. पहिल्या सुरुंगाला यसूआत्याची शेळी जी उडी मारून पळाली ती दोन दिवसांनी सापडली. कोंबड्यांनी अंडी बंद केली. पत्रे असे थरथरायचे की भाकरी तव्यावर आपोआप फिरायची. पोरं एकमेकांशी ओरडून बोलायला लागली आणि गावात शाळेला आली तरी ओरडूनच बोलायची, मग मास्तर बाहेर काढायचे. यसूआत्या पंचायतीत आली तेव्हा सगळ्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"केरबा, म्या निजू कुठं?"

केरबा म्हणाला, माळावर.

"काय?" यसूआत्या म्हणाली.

केरबानं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा काय म्हणाली. तेव्हा कुठं केरबाला कळलं की हा आवाजाचा धोका आहे. आणि धोक्याचं काय करायचं, हे तर तो शिकलाच होता. त्यानं उपरण्याची पहिली गाठ चाचपली. तांबड्या रंगाचा डबा घेतला. क्रशरच्या भोवती फेरी मारून त्यानं दगड रंगवून लावले आणि क्रशर चालवणाऱ्या माणसाला बोलावून समजावलं, की आवाज या रेषेच्या बाहेर येता कामा नये.

त्या माणसानं रेषेकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं. "मी आतच करतो, सरपंच," तो म्हणाला.

केरबाचं समाधान झालं. तो तिथं कानावर हात ठेवून उभा होता, त्यामुळं त्याला फरकही जाणवला.

वाडीला जाणवला नाही. पुन्हा जीप आली. साहेबांना काच खाली करून ओरडावं लागलं, आणि साहेब लोकांना ओरडायचा कंटाळा असतो. त्यांनी क्रशरच्या शेजारी घरं कोणत्या गाढवानं नेली, असं विचारलं. केरबानं उंचीबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुरुंग उडाला.

"आवाजाची वस्तू वस्तीपासून लांब पाहिजे," साहेब ओरडले. "मध्ये डोंगर असावा, भोवती झाडी असावी. वस्तीच्या कानावर आवाज पडता कामा नये."

केरबानं तिसरी गाठ मारली. ही गाठ त्याला फार आवडली. इतकं स्पष्ट साहेब आजवर बोलले नव्हते. आता ती वापरायची कुठं, एवढाच प्रश्न होता. क्रशर काही हलणार नव्हता. क्रशर मोठ्या माणसाचा होता, आणि त्याला लांब जायला सांगायचं धाडस साठ्ये साहेबांतही नव्हतं, म्हणून तर ते केरबाला सांगत होते. वाडी मात्र कितीही वेळा हलवता येत होती, कारण तिच्या बाजूनं बोलणारं कुणी मोठं नव्हतं.

कडेवाडीची माणसं शहाणी होती. निदान केरबापेक्षा तरी. पण कंटाळलेला माणूस शहाणपण गुंडाळून ठेवतो. नदीनं भिजवलं, क्रशरनं बहिरं केलं, तेव्हा त्यांनी आपापसांत ठरवलं आणि शेडी तिथंच टाकून ती गुपचूप कड्याखाली आपल्या घरी परतली. चार भिंती होत्या, चूल होती, शांतता होती. कड्याचं बघू पुढच्या पुढं, असं म्हणाली. भेगेत आता शेळी अख्खी उतरत होती.

हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी या खेपेला जीपही आणली नाही. एक यंत्र पाठवलं आणि फोन केला. यंत्र साधं होतं. भेगेच्या दोन्ही काठांना तार बांधायची. भेग रुंदावली की तार ताणली जाणार, तार ताणली की भोंगा वाजणार, भोंगा वाजला की वाडीनं घरं सोडून पळायचं. भोंगा मोठा होता. दोन माणसांना उचलावा लागला. साहेबांनी फोनवर सांगितलं, की भोंगा नीट बसवा, चाचणी घ्या आणि मला कळवा.

कुठं बसवा, हे ते बोलले नाहीत. हे शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांना वाटलं असणार. पण शेंबडं पोर सरपंच नव्हतं.

केरबानं भोंगा एकदा अंगणात वाजवून पाहिला. हौसाच्या हातातून परात पडली. शेजारच्याची म्हैस दावं तोडून गेली. केरबाच्या अंगावर काटा आला. एवढी आवाजाची वस्तू आणि ती वस्तीत? साहेबांच्या दूरदृष्टीचं त्याला कौतुक वाटलं, की त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं तिसरी गाठ सोडली नाही, नुसती कुरवाळली.

दोन दिवस तो जागा शोधत हिंडला. कडेवाडीच्या वर कडा, कड्याच्या मागं डोंगराची धार, धारेच्या पलीकडच्या उतरणीला दाट कारवी. वस्तीपासून लांब, मध्ये डोंगर, भोवती झाडी. साहेबांनी सांगितलेलं जणू मापून घेतलेलं. केरबानं भोंगा तिथं नेऊन बसवला. तार पुरेना, तेव्हा त्यानं आपल्या मळ्याच्या कुंपणाची तार सोडून जोड दिली. या कामात तो खरोखर राबला, हे कबूल केलं पाहिजे. हात सोलवटले होते. मग त्यानं एका माणसाला वरती तार ओढायला बसवलं आणि स्वतः कडेवाडीत येऊन कान देऊन उभा राहिला.

यसूआत्या दारात शेंगा निवडत होती. तिनं विचारलं, काय चाललंय. केरबानं बोट ओठावर ठेवलं. वाऱ्याचा आवाज येत होता. एका घरात पोर रडत होतं. दुसरं काहीही नव्हतं.

त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला.

"भोंगा बसवला?" साहेबांनी विचारलं.

"बसवला, साहेब."

"चाचणी?"

"झाली, साहेब. वाडीत कुणाची मानसुद्धा वळली न्हाई."

साहेब त्यावेळी दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. उत्तम, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

डोंगराच्या पलीकडच्या उतरणीखाली कोळंब नावाचं दुसरं गाव होतं. त्या गावाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यावरच्या रानात अचानक एक भोंगा आला होता आणि वानरांनी तार ओढली की तो बोंबलायचा. कोळंबकरांनी दोनदा निरोप पाठवला. केरबानं उलट निरोप दिला, की भोंगा कडेवाडीसाठी आहे, तुम्ही लक्ष देऊ नका.

श्रावण संपत आला होता. तीन दिवस झड लागली होती, चौथ्या दिवशी दुपारी जरा उघडली. कडेवाडीत माणसं जेवून आडवी झाली होती. वरती भेग सरकली. तार ताणली आणि डोंगरापलीकडं भोंगा सुरू झाला. वानरांचं काम असतं तर तो थांबला असता. तो थांबेना. कोळंबात एक बारसं चाललं होतं, तिथं बाळाचं नावसुद्धा कुणाला ऐकू येईना. कोळंबकरांच्या सहनशीलतेचा अंत झाला. बाप्ये काठ्या घेऊन उठले, धार चढून खिंडीत आले आणि तिथून खाली कडेवाडीला शिव्या घालायला लागले.

आता नांदखोलातल्या माणसाला एक वेळ धोका दाखवा, तो हलणार नाही. शिवी द्या, लगेच उठतो. कडेवाडीतली माणसं डोळे चोळत बाहेर आली. भोंगा कुणाचा, वाजवतो कोण, आमच्या बारशात विघ्न का, असा खिंडीतून जाब आला. वाडीनं खालून उत्तर दिलं. पण एवढ्या लांबून भांडण रंगेना. म्हणून सगळी वाडी, बायापोरांसकट, भांडायला खिंडीत चढली. यसूआत्या काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होती, कारण तिच्याशिवाय भांडणाला तोंड फुटलं नसतं. शेळ्या बिचाऱ्या तिच्या मागोमाग गेल्या.

भांडण हातघाईवर आलं होतं तेव्हा कडा खाली बसला.

आवाज असा झाला की क्रशर त्यापुढं गरीब वाटावा. धुरळा उडाला, तो बराच वेळ खाली आला नाही. मग पाहिलं तर खाली वाडी नव्हती. घरं, चुली, यसूआत्याच्या शेंगा, सगळं दगडमातीखाली गेलं होतं. कोळंबकरांच्या हातातल्या काठ्या खाली पडल्या. बाया रडायला लागल्या. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. यसूआत्या एका दगडावर बसली आणि तिनं एकेकाला नावानं हाक मारून सगळे आहेत का पाहिलं. सगळे होते.

गावात हे कळलं तेव्हा केरबा ढसाढसा रडला. मग भोंगा किती नेमका बसला होता, हे सांगत गावभर हिंडला.

साठ्ये साहेब आले. या वेळी वर्तमानपत्रवालेही आले होते, त्यामुळं साहेब जीपमधून खाली उतरले. चिखलात बूट घालून ढिगाऱ्यासमोर उभे राहिले. माणसं वाचली ती यंत्रामुळं, असं त्यांनी लिहून घ्यायला लावलं. एका परीनं ते खोटं नव्हतं. मग त्यांनी केरबाला बाजूला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा सगळं एका दमात सांगितलं.

"आता तरी जागा नीट बघा. पूररेषेच्या बाहेर. उंचावर. आवाजापासून लांब. आणि जिथं कडा कोसळेल अशी भीती नाही, अशी."

केरबाकडं उपरण्याचं एकच टोक मोकळं उरलं होतं. तिथं त्यानं गाठ मारली आणि घरी जाऊन तो विचार करत बसला. केरबा विचार करतोय, हे पाहून हौसानं दिवा लावला आणि देवाला हात जोडले.

सकाळी उठून त्यानं सगळ्या गावाला बोलावलं. त्याचा चेहरा उजळला होता. आजवर त्याच्या हातून चुका झाल्या, कारण तो एका वेळी एकच गाठ बघत होता. आता त्यानं चारही गाठी एकत्र बघितल्या होत्या. तो पुढं चालायला लागला. गाव मागून चाललं. वाडीची माणसं सगळ्यांच्या मागं, गावानं दिलेली, शाळेच्या पडवीत निजून कुबट झालेली अंथरुणं काखेत घेऊन.

केरबा ढिगाऱ्यावर चढला.

"ही जागा," तो म्हणाला.

नदी इथं कधीच आली नव्हती. ढिगारा आता चांगला उंच झाला होता. आवाज म्हणाल, तर क्रशर लांब होता, आणि खाली ऐकायलाही कुणी उरलं नव्हतं. आणि कडा कोसळायची भीती नव्हती, कारण कडा कोसळला होता. कोसळलेला कडा पुन्हा कसा कोसळेल? यापेक्षा सुरक्षित जागा अख्ख्या तालुक्यात नाही, असं केरबाचं म्हणणं होतं. त्यानं ढिगाऱ्यावर फक्कीनं चौकोनही मारून ठेवले होते. यसूआत्याला पहिला दिला होता.

 पायाखालची माती सैल होती आणि खडे घरंगळत होते. वरती कड्याचा अर्धा भाग अजून लटकत होता आणि त्याला नवी भेग गेलेली खालूनसुद्धा दिसत होती.

साहेबांकडं कागद गेला. साहेबांनी जागा बघितली नाही, अटी बघितल्या. चारही पूर्ण होत्या. त्यांनी सही केली, आणि नकाशा दुरुस्त करायला पाठवून दिला. यात केरबापेक्षा मोठा मूर्ख कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एक बिनपगारी होता, एवढाच फरक.

सही झाल्याचं कळलं तेव्हा यसूआत्या केरबाच्या घरी आली. तिच्या मागं वाडी होती. केरबा ओसरीवर बसला होता. यसूआत्यानं पायरीवर टेकून सगळीकडं नीट नजर फिरवली. दगडी जोतं. मोठा सोपा, मागं दोन खोल्या, वर माडी. समोर अंगण, अंगणापलीकडं मोकळा गोठा. नदी लांब, कडा लांब, क्रशर लांब. आयुष्यभर ती या घरावरून गेली होती, पण तिनं ते या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. खरं तर कुणीच बघितलं नव्हतं.

"केरबा," ती म्हणाली, "लई ब्येस जागा काढलीस बाबा. आमच्या नशिबाच्या मानानं जरा जास्तीच ब्येस हाय. एवढी चांगली जागा सरपंचानं घ्यावी. तू ऱ्हा तिथं. आमी आपलं तुज्या ह्या घरात भागवून घिऊ."

ती टोमणा मारत होती. हे सगळ्यांना कळलं. हौसालाही कळलं, ती पदर तोंडाला लावून आत गेली. माणसं वाट बघत होती, की केरबाला लाज वाटेल, आणि मग काहीतरी शहाणपणाचं बोलणं निघेल.

केरबाला गहिवरून आलं. आजवर त्याला वाडीनं एवढा मान कधी दिला नव्हता. तो उठला. त्यानं आधी नको नको म्हटलं, मग एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून कनवटीची किल्ली काढून यसूआत्याच्या हातावर ठेवली. संध्याकाळी माळावरची एक शेड डोक्यावर घेऊन तो ढिगाऱ्याकडं निघाला. हौसाला त्यानं चल म्हटलं. घरात एवढी पाहुणी माणसं आली आहेत, त्यांच्या भाकऱ्या कोण करणार, असं म्हणून ती आत वळली, आणि यसूआत्यानं आतून कडी लावून घेतली.

त्या दिवसापासून कडेवाडी केरबाच्या घरात राहते. सोप्यात दोन घरं, खोल्यांत दोन, माडीवर दोन, गोठ्यात शेळ्या. यसूआत्या देवघराकडं पाय होणार नाहीत अशी ओसरीच्या कोपऱ्यात निजते आणि सकाळी उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नाही.

तालुक्याच्या कचेरीत नांदखोलचा नवा नकाशा भिंतीवर लावला आहे. बाहेरगावचे अधिकारी आले की साठ्ये साहेब त्यांना नकाशासमोर नेतात. काळ्या कड्याच्या पोटाखाली तिथं एक हिरवा ठिपका काढलेला आहे. ठिपक्याखाली लिहिलं आहे : कडेवाडी, पुनर्वसन पूर्ण. तो ठिपका म्हणजे केरबा.